लॅरबी बेटाची सलामी

१

चाकाची लय चुकली हे सगळ्यांत आधी कपबशांना कळलं.

'इडा मेलरोज' ही आगबोट मिसिसिपीवर चालू लागली तेव्हा तिच्यावरच्या निम्म्या खलाशांचे बापही जन्मले नव्हते. तिच्या मागच्या लाल चाकाची धपधप इतकी अंगवळणी पडलेली, की फडताळातल्या कपबशासुद्धा त्याच तालावर किणकिणायच्या. त्या दुपारी लॅरबी बेटाची सलामी संपते न संपते तोच तो ताल तुटला. धप, धप, मग काहीतरी जड आणि ओलं चिरडल्यासारखं. आणि पुन्हा धप.

तिकिटांच्या खोलीत ओटिली ब्रँट अजून मान खाली घालून उभी होती. ओटिली म्हणजे सगळ्या बोटीची मिस ओटी. तिकिटं, किल्ल्या, खोल्या, तक्रारी, सगळा कारभार तिच्याकडे. तिची खोली बोटीच्या पोटात. खिडकी नाही, झरोका नाही. पण सलामीची शिट्टी झाली की तीही हातातलं काम टाकून उभी राहायची. लॅरबी बेटासमोर डाव्या काठावर नदीवाल्यांची दफनभूमी आहे. कोणी बॉयलर फुटून गेलेला, कोणी बुडालेला, कोणी नुसताच म्हातारा होऊन. तिथून जाताना प्रत्येक खेपेला बोट तीन लांब शिट्ट्या देते. वरच्या गच्चीवरचा, वाफेच्या शिट्ट्यांनी वाजणारा बाजा थांबतो, टोप्या उतरतात, सगळी बोट त्या काठाकडे, म्हणजे खाली जाताना डावीकडे, तोंड करून माना खाली घालते. शिट्टी थांबेपर्यंत कोणी बोलत नाही, कोणी हलत नाही. हे कुठे लिहिलेलं नाही, आणि कोणी मोडलेलंही नाही.

घंटा झाली. चाक थांबलं. ओटी धावत मागच्या कठड्यापाशी गेली.

चाकाच्या दोन फळ्यांमध्ये पांढरा सूट अडकला होता. सूट रिकामा नव्हता. त्यातून गळणारं पाणी वर पांढरं आणि खाली तांबूस होतं. एक पाय अनवाणी. दुसऱ्यातला बूट इतका चकचकीत होता की बोटीवर तसा बूट एकाच माणसाचा असू शकत होता.

"बघू नकोस," मागून आवाज आला आणि एक जाड कोट तिच्या तोंडासमोर आला. बोटीचा मेट, सायलस गँट. कॅप्टनच्या खालोखाल बोटीवर त्याचा शब्द चालायचा, आणि ओटीच्या मनात तर कॅप्टनच्याही वर. न्यू ऑर्लिन्सला पोचलं की दोघं लग्न करणार होती. ती पंचावन्नची, तो साठीचा. बोटीवरचे लोक हसून घेत आणि मग आहेराची गोष्ट काढत.

"सायलस, तो स्ट्राउड आहे."

"माहीत आहे. आत चल."

ओटीने मान वर केली. चाकाच्या बरोबर वर, वाफेच्या बाजाच्या गच्चीवर, तिचा भाचा थेरन उभा होता. पांढराफटक. त्याच्या एका हातात जाड हातमोजा होता. दुसरा हात उघडा होता.

२

"पडला म्हणावं तर कठडा छातीएवढा आहे," कॅप्टन ड्यूवॉल म्हणाले. त्यांच्यासमोर कॉफीचा कप होता आणि ती कॉफी ते पीत नव्हते. "आणि तसला माणूस जीव देत नाही. तो दुसऱ्यांचे घ्यायला आला होता."

खोटं नव्हतं ते. कॅल्व्हर्ट स्ट्राउड हा नव्या मालकांचा माणूस. दोन दिवस तो बोटीवर हिंडत होता, भिंतींवर खडूने खुणा करत होता. सकाळी न्याहारीला त्याने सगळ्यांदेखत सांगून टाकलं, की ही 'इडा'ची शेवटची खेप. न्यू ऑर्लिन्सच्या धक्क्याला तिला कायमची बांधायची, इंजिन काढायचं, बाजा मोडीत घालायचा आणि वर खानावळ थाटायची. बाजाच्या जागी ग्रामोफोन लावू, म्हणाला. तेव्हा वीस वर्षांचा थेरन ताडकन उठला होता आणि म्हणाला होता, "बाजाला हात लावलास तर तुला चाकात घालीन."

साठ जणांनी ऐकलं होतं ते.

"मिस ओटी, सरळ सांगतो," कॅप्टन म्हणाले. "चाकापाशी मागे जो ओटा आहे, दोन्ही बाजूंनी फळ्यांनी बंद केलेला, तिथे जायला वाटा दोनच. एक झेनोबियाच्या स्वयंपाकघरातून. झेनोबिया म्हणते, स्ट्राउड कॉफी घेऊन तिच्यासमोरून मागे गेला, त्याच्यामागून कोणी गेलं नाही. दुसरी वाट म्हणजे बाजाच्या गच्चीवरून उतरणारी लोखंडी शिडी. गच्चीवर फक्त तुझा भाचा. आणि शिडीखाली हे सापडलं."

त्यांनी टेबलावर एक जाड, भिजलेला हातमोजा ठेवला. बाजाच्या पितळी पट्ट्या वाफेने तापतात. वाजवणारा असले मोजे घालूनच बसतो.

थेरनची आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता. तेव्हापासून त्याला ओटीनेच वाढवलं. या बोटीवर कामाला लावलं तेही तिनेच, महिन्यापूर्वी; लॅरबीवरून तो आज पहिल्यांदाच जात होता.

"मी रेडिओवरून कळवलंय," कॅप्टन म्हणाले. "सूर्य मावळायच्या आत आपण व्हेर्डनच्या धक्क्याला लागू. शेरिफ तिथे उभा असेल, आणि तो पोराला घेऊन जाईल. या भागात चाकात घालीन म्हणणाऱ्याला ज्यूरी काय करते ते तुला मी सांगायला नको. बोटीवर यायच्या आधी तू वीस वर्षं कोर्टात जबान्या लिहिल्यास. तोवर ज्याला विचारायचं त्याला विचार. मी अडवणार नाही."

"मावशी आहे मी त्याची. कोण मानेल माझं?"

"म्हणूनच नीट विचार."

३

थेरनला दोरखंडांच्या खोलीत बसवलं होतं. दाराबाहेर दोन खलाशी होते आणि दोघंही ओटीच्या नजरेला नजर देत नव्हते.

"मावशी, मी नाही केलं."

"मोजा?"

"सकाळपासून तीनदा वाजवलं, ओला चिंब झाला होता. शिडीच्या पायरीवर वाळत टाकला. पडला असेल खाली."

"दुसरा का नाही टाकलास?"

"दुसरा कमी भिजतो. डाव्या हाताला काय, साथीला 'हो बाबा, हो बाबा' एवढंच म्हणायचं असतं." एरवी तो यावर हसला असता.

"सलामीच्या वेळी कुठे होतास?"

"बाजापाशीच. बाजा बंद केला, टोपी काढली, डावीकडे तोंड करून उभा राहिलो. तूच शिकवलंस तसं."

"खाली कोण आलं, कोण गेलं?"

"शिट्टी माझ्या डोक्यावर कोकलत होती मावशी. आणि इकडेतिकडे बघायचं नाही ना तेव्हा."

"मग काय पाहिलंस? दफनभूमी?"

थेरन गोंधळला. "नाही. दफनभूमी कुठली? मला काही दिसली नाही. नुसती वाळुंजाची झाडं. पाण्यात उभी, ही गर्दी. मला वाटलं, असेल त्यांच्यामागे कुठेतरी."

लॅरबी बेटापाशी नदी मैलभर रुंद आहे. डावा काठ उघडा बोडका. उंच दरडीवर दफनभूमी आणि तिच्या टोकाला म्हाताऱ्या कॅप्टन लॅरबीचा पांढरा क्रॉस. डावीकडे बघणाऱ्याला तो दिसणार नाही, हे होणं नाही. झाडं उजवीकडे, बेटावर. म्हणजे पोरगा डावीकडे बघतच नव्हता. किंवा तिथे नव्हताच.

"थेरन," ती म्हणाली, "मी कोर्टात खूप खोटं ऐकलंय. तू मला खोटं सांगू नकोस."

"नाही सांगत!"

"झाडं म्हणे! अरे, त्या काठाला झाडाचं नाव नाही!"

तो तिच्याकडे बघतच राहिला. तोंडात मारल्यासारखा त्याचा चेहरा झाला. मग त्याने मान फिरवली. ओटी बाहेर आली. आपण वाढवलेलं पोर आपल्या तोंडावर खोटं बोलतं, हा धक्का तिला चाकातल्या त्या बुटापेक्षाही मोठा होता.

४

पण जबान्या घ्यायच्या म्हटल्यावर घ्यायच्या. ती पहिली गेली मिसेस ओकलीकडे. ओहायोच्या या बाईंची खोली मागच्या बाजूला होती आणि किंचाळणं सगळ्यांत मोठं.

"मी काही पाहिलं नाही हो," मिसेस ओकली म्हणाल्या. त्यांच्या गळ्यात अजून कॅमेरा होता. "मी सगळ्यांबरोबर पुढे कठड्याला होते. माझे आजोबा पायलट होते, त्या दफनभूमीत आहेत. इतक्या लांबून आले फोटो काढायला, आणि हाती काय? झाडं! वर ते भयंकर दृश्य. मी काय काय सांगू घरी?"

'बाई उजव्या कठड्याला उभ्या राहिल्या असणार,' ओटीने मनात म्हटलं. प्रवाशांना डावं-उजवं शिकवता शिकवता तिचे केस पिकले होते. तिने मान हलवली आणि पुढे निघाली.

झेनोबिया भेंड्या चिरत होती, पण सुरी चालत नव्हती. एकच भेंडी किती वेळ हातात.

"खोटं कशाला बोलू मिस ओटी, आधी वाटलं सुंठीवाचून खोकला गेला. मग तो बूट पाहिला आणि जीभ चावली. कोणाचा तरी लेक होता हो तो."

"तो गेला तेव्हा एकटा होता?"

"एकटा. कप हातात. 'कॉफी कडू आहे' म्हणाला. मी म्हटलं, माणसागणिक चव लागते."

"त्याच्यामागून कोणी गेलं नाही, नक्की?"

"शिट्टीपर्यंत नाही. शिट्टी झाली आणि मी डोळे मिटले. माझा बाप आहे तिथे, तुम्हाला माहीत आहे. शिट्ट्या संपल्या तरी माझी प्रार्थना पुरी व्हायची असते. सगळी होईस्तोवर मी डोळे उघडत नाही. पोरं हसतात मला, तेवढ्यात पाव चोरतात मेली."

"आणि उघडल्यावर?"

"उघडल्यावर काय, तेच. चूल, पातेली. ते आतलं झुलतं दार हलत होतं जरासं, वाऱ्याने. मग लगेच ती चाकाची घाण धडधड."

ओटीने आतल्या दाराकडे पाहिलं. दार बोटीच्या पोटातल्या बोळात उघडत होतं. बोळात कोठारं होती आणि पलीकडे तिचीच तिकिटांची खोली. दाराच्या हलण्यात काही तरी होतं, पण तिचं मन अजून दोरखंडांच्या खोलीत अडकलं होतं.

सायलस पुढच्या दोरांपाशी भेटला. त्याने तिच्यासाठी मक्याचा पाव रुमालात बांधून ठेवला होता. "सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या. खा आधी."

"सायलस, मला तुलाही विचारावं लागणार."

"विचार की. विचारलं नाहीस तर लोक म्हणतील होणाऱ्या नवऱ्याला सोडला." तो हसला, पण डोळे हसले नाहीत, कोणाचे हसणार त्या दिवशी? "मी इथे होतो, पुढे, डाव्या कठड्याला. टोपी काढून उभा. लॅरबीचा क्रॉस उन्हात नुसता झळाळत होता. मनात म्हटलं, म्हाताऱ्या, तुझी बोट चालली बघ खानावळ व्हायला."

"थेरन म्हणतो त्याला दफनभूमी दिसलीच नाही. झाडं दिसली म्हणे."

सायलसने तिच्या खांद्यावर हात ठेवला. या हाताने थेरनला महिनाभर गाठी मारायला शिकवलं होतं. "पोरगं घाबरलंय, ओटी. तोंडाला येईल ते बोलतंय. आपण चांगला वकील देऊ. तरुण आहे, सोडतील."

सोडतील! तिला हुंदका आला आणि ती त्याच्या कोटाला डोकं टेकून रडली.

५

शेरिफपुढे पोराला निदान स्वच्छ सदऱ्यात उभं करावं म्हणून ओटी त्याचं गाठोडं आणायला गच्चीवर गेली. ऊन कलतं झालं होतं. बाजा गप्प होता. पितळी शिट्ट्यांची रांग, तिच्याखाली थेरनचं स्टूल, स्टुलाखाली गाठोडं.

ती वाकली आणि तशीच थबकली.

बाजाच्या दोन शिट्ट्यांच्या बेचक्यात हिरवी डहाळी अडकली होती. ओली, कोवळी, लांबट निमुळत्या पानांची. गच्चीच्या डाव्या कठड्यालगत तसलीच पानं विखुरलेली. वाळुंज.

मैलभर रुंद नदीच्या मधोमध वाळुंजाची डहाळी येते कुठून? पाखरू आणेल एखादी. पण पाखरू ओंजळभर पानं डाव्या कठड्याला ओळीने मांडत नाही. बोट झाडांना घासून गेली होती. डाव्या अंगाने.

ओटी पायलटच्या खोलीचा जिना चढली तेव्हा तिला धाप लागली होती. लेम प्रुएट सुकाणूचं मोठं चक्र धरून, नदीवरून नजर न काढता म्हणाला, "वर यायला मनाई आहे, मिस ओटी. पण आज काय, आज सगळंच उलटं."

"लेम, सलामीच्या वेळी बोट कुठे होती?"

"लॅरबीच्या मागे."

"मागे म्हणजे?"

"बेटाच्या मागच्या धारेत. मोठ्या धारेतून खालून एका ओढबोटीने ढकललेली तराफ्यांची माळ येत होती, बेटाच्या तोंडाशी येऊन ठेपल्यावर दिसली. आडवी पसरलेली, वाट देईना. पाणी चढलेलं आहे, म्हटलं मागून काढू. वडिलांच्या वेळी काढायचे तशी. चिंचोळी आहे वाट, दोन-चार फांद्या घासल्या. कॅप्टन शेजारीच होते, त्यांनी शिव्या घातल्या आणि मग शाबासकी दिली."

"मग बेट डावीकडे..."

"बेट डावीकडे, आणि दफनभूमी बेटाच्या पलीकडे. दिसायची सोयच नाही. पण म्हटलं, मेलेल्यांचा काय दोष? शिट्टी तर द्यायलाच हवी. दिली. ती संपता संपता खाली मोठ्या धारेला लागलो आणि मग ते चाकाचं..."

ओटीने खिडकीची चौकट धरली. थेरन खरं बोलत होता. मिसेस ओकली खरं बोलत होत्या. कठड्याला उभ्या असलेल्या प्रत्येकाला झाडंच दिसली होती. तिला स्वतःला, बिनखिडकीच्या खोलीत, मनाच्या डोळ्यांनी दफनभूमी दिसत होती. कारण शिट्टी झाली म्हणजे बोट कुठे असणार हे तिला ठाऊक होतं. आतल्या कोणालाही तसंच वाटलं असतं.

आतल्या कोणालाही.

लॅरबीचा क्रॉस उन्हात नुसता झळाळत होता.

ती जिन्याकडे तशीच वळली, पायरी न बघता. लेमने एका हाताने चक्र सांभाळत दुसऱ्याने तिला धरलं. "काय झालं? मिस ओटी? पाणी देऊ?"

समोर, नदीच्या वळणावर, व्हेर्डनचा धक्का दिसायला लागला होता.

६

कॅप्टनच्या खोलीत कॅप्टन, सायलस आणि ओटी. झेनोबियाला तिने दारात उभं केलं होतं.

तिला बोलायचं नव्हतं. पाच मिनिटं गप्प बसलं तर दहा वर्षं ज्याची वाट पाहिली तो माणूस तिचा होणार होता. आणि थेरन जाणार होता.

"सायलस, मला सांगितलंस ते कॅप्टनना सांग. सलामीच्या वेळी तू कुठे होतास?"

मनातल्या मनात ती विनवत होती: म्हण, मी झोपलो होतो. म्हण, कोठारात दारू पीत होतो. म्हण काहीही, पण ते नको.

"पुढे, डाव्या कठड्याला," सायलस म्हणाला. "टोपी काढून. लॅरबीच्या क्रॉसला मान तुकवली, नेहमीसारखी."

कॅप्टनचा कप तोंडाशी जाता जाता हवेतच थांबला.

"सायलस," ते हळू म्हणाले, "कुठला क्रॉस? आपण बेटाच्या मागून आलो."

सायलसने एकदा कॅप्टनकडे पाहिलं, एकदा ओटीकडे. त्याच्या चेहऱ्यावर आधी नुसता गोंधळ होता, चुकलेल्या पायरीवर पाय पडल्यासारखा. मग चेहरा हळूहळू उतरत गेला.

"नवखा असता तर म्हणाला असता, काही दिसलं नाही," ओटी म्हणाली. आवाज आपला आहे यावर तिचा विश्वास बसत नव्हता. "हजार वेळा इथून गेलेला माणूसच न बघता क्रॉस पाहतो. मीही पाहिला, माझ्या खोलीत उभी राहून. तू कोठाराच्या बोळात होतास. स्ट्राउड मागे गेला ते तू पाहिलंस. शिट्टी झाली की झेनोबिया डोळे मिटते हे बोटीवर पाव चोरणाऱ्या पोरांनाही माहीत आहे. तू तिच्यासमोरून गेलास आणि तिच्यासमोरून परत आलास. तिने डोळे उघडले तेव्हा दार हलत होतं. शिडीने उतरलेला माणूस शिडीनेच वर जातो. आतलं दार हलवत नाही."

"अरे देवा," झेनोबिया म्हणाली आणि तोंडावर हात दाबून मटकन खाली बसली. "वारा नव्हता. वारा नव्हताच हो तो."

सायलसने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"तो म्हणाला, चाक काढून तिथे काच बसवणार," तो म्हणाला. "लोक जेवता जेवता नदी बघतील. चाळीस वर्षं मी त्या चाकाचा आवाज ऐकत झोपलोय, ओटी. मला राहवलं नाही. डोकं फिरलं."

ओटीला वाटलं, असू दे. रागाच्या भरातलं असू दे. पण वीस वर्षांच्या सवयीने प्रश्न तोंडातून गेलाच.

"डोकं शिट्टीच्या आधी फिरलं की नंतर?"

त्याने गुडघ्यावरची टोपी फिरवली.

"शिट्टीची वाट पाहिली मी," तो म्हणाला.

कॅप्टननी डोळे झाकले. मेलेल्यांसाठी द्यायची शिट्टी! त्या शिट्टीच्या आडोशाला या बोटीवरच्या माणसाने माणूस मारला, हे त्यांच्या गळ्याखाली उतरत नव्हतं.

"आणि थेरन?" ओटी ओरडली. ती उठून उभी राहिली होती हे तिला नंतर कळलं. "माझं पोर? मी तुझ्या कोटात तोंड घालून रडले, सायलस! तेव्हाही तू बोलला नाहीस!"

"तरुण आहे तो. मला वाटलं, सोडतील."

बोटीचा काठ धक्क्याला लागला. बाहेर खलाशी घुटमळत होते. दोर टाकायचा हुकूम मेटचा असतो. सायलस दारापर्यंत गेला, चाळीस वर्षांच्या सवयीने ओरडला, "पुढचा दोर आधी, मागचा सैल ठेवा," आणि मग फळीवरून आपणच शेरिफकडे चालत गेला. त्याने मागे वळून पाहिलं की नाही ते ओटीला माहीत नाही. ती दोरखंडांच्या खोलीची कडी काढत होती.

"तू माझं ऐकलं नाहीस मावशी," थेरन म्हणाला.

"नाही ऐकलं," ती म्हणाली. "चुकले मी. लाख वेळा चुकले."

तो लगेच काही तिच्या गळ्यात पडला नाही. गाठोड्यातला स्वच्छ सदरा तिच्या हातून घेतला, एवढंच.

७

मालकांना घाई झाली होती, पण कोर्टाला नव्हती. चौकशी संपेपर्यंत 'इडा'ला हात लावायचा नाही असं ठरलं आणि आठवड्याभराने तिला प्रवाशांसकट वर परत पाठवलं. खेप शेवटची की शेवटून दुसरी, कोणालाच माहीत नव्हतं.

लॅरबी बेट जवळ आलं तेव्हा ओटीने तिकिटांच्या खोलीला कुलूप लावलं आणि ती गच्चीवर गेली. थेरनने बाजा थांबवला, मोजे काढले, टोपी काढली. तो अजून तिच्याशी मोजकंच बोलत होता. लेमने या वेळी मोठी धार धरली होती. काठ उघडा होता.

पहिली शिट्टी झाली. खाली सगळ्या माना झुकल्या. ओटीने मुद्दाम मान वर ठेवली.

"कुठाय तो क्रॉस?" थेरनने तिच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं.

ती शोधू लागली. दरड होती. कुंपण होतं. काळे-करडे दगड होते. टोकाशी, जिथे पांढरा क्रॉस असायचा, तिथे दरड कोसळून नुसती लाल माती उघडी पडली होती.

शिट्टी थांबल्यावर ती लेमच्या जिन्यापाशी गेली आणि खालूनच ओरडली, "लेम! लॅरबीचा क्रॉस?"

"वसंतातल्या पुरात गेला की!" तो वरून म्हणाला. "दरडीसकट गेला. मला वाटलं सगळ्यांना माहीत आहे."

वसंतापासून किती खेपा झाल्या होत्या. बोटीवरच्या प्रत्येकाने प्रत्येक खेपेला त्या क्रॉससमोर मान झुकवली होती. आणि त्या नसलेल्या क्रॉसपायी तिने आपल्या पोराला खोटं ठरवलं होतं.

ती परत गच्चीवर आली. थेरन मोजे चढवत होता. त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, काही विचारलं नाही, आणि स्टुलावर थोडा सरकून तिला जागा करून दिली. ओटी बसली.

"काय वाजवू?" तो म्हणाला.

"तुला येईल ते," ती म्हणाली. "मी ऐकते."